ब्लेड, सुतळी आणि जांभळी पूड

मंगळवारी रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, रविवारी आम्ही सहा जण धोदाणीवरून माथेरान चढतोय. तुझी ती फर्स्ट एडची लिस्ट पाठव ना. आई म्हणते, लिस्ट आणि सामान दाखवल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही."

ताई म्हणते ते बरोबरच आहे. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं सुकापूर म्हणजे नवीन पनवेलमधून माथेरान रस्त्याला लागलं की येणारं गाव. आता गाव कसलं, इमारतीच इमारती. पण गच्चीवर गेलं की माथेरानचं पठार आणि प्रबळगड अजून तसेच दिसतात. नेरे, मालडुंगे करत धोदाणीपर्यंत गाडी जाते आणि तिथून पायवाट सनसेट पॉइंटकडे चढते. पावसाळ्यात निसरडं, गवत कमरेएवढं, आणि काही झालं तर माणसाला खाली आणण्याखेरीज इलाज नाही.

लिस्ट माझ्याकडे होती. कॉलेजच्या हायकिंग ग्रुपमधली, झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं अर्धी उडालेली. सीनियर्सनी आम्हाला दिली, त्यांना त्यांच्या सीनियर्सनी. माळ्यावरच्या फायलीत सापडली. फोटो काढून पाठवणार, तेवढ्यात नजर खालच्या तीन ओळींवर गेली:

६. नवीन ब्लेड – १
७. सुतळी – ३ फूट
८. पोटॅशियम परमँगनेट – छोटी पुडी

तिन्हींना मिळून एक कंस आणि पुढे लिहिलेलं, "सर्पदंश".

फोटो पाठवला नाही. का, ते आधी सांगतो. ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नव्हती.

जुलै २००३. प्रबळगडावरून आम्ही पाच जण उतरत होतो. पाऊस थांबलेला, धुकं. एका अवघड उतारावर मित्राने आधारासाठी फांदी धरली आणि ओरडून हात मागे घेतला. पानांत हिरवागार साप, त्रिकोणी डोकं. तो चापडा होता हे नंतर कळलं. बोटावर दोन ठिपके, आणि बघता बघता सूज. त्या ट्रेकला फर्स्ट एडची जबाबदारी माझ्याकडे होती. लिस्ट पाठ, सामान जय्यत. मी मनगटावर सुतळी करकचून आवळली, ब्लेडने ठिपक्यांवर काप दिले, रक्त पिळून काढलं, वर जांभळी पूड चोळली. मित्र किंचाळत होता आणि मला वाटत होतं, आपण त्याला वाचवतोय.

वाटेत वाडीतले एक ठाकर काका भेटले. त्यांनी हात बघितला आणि एवढंच म्हणाले, "पान लागलंय पोराला. कापत काय बसलात? खाली न्या आधी." (आमच्याकडे साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.) आम्ही शिकलेले, त्यात लिस्टवाले! तरी अजून दहा मिनिटं घालवलीच. एकूण पाऊण तास गेला असेल.

खाली पोचल्यावर डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे सुतळी काढायच्या तयारीला लागले. मग बोट पाहून माझ्याकडे वळले. "चापड्याने सूज आणली असती, वेदना दिल्या असत्या, आणि बहुतेक काही दिवसांत उतरलं असतं. हा टेंडन सापाने नाही कापला." मित्राचं मधलं बोट आजही पूर्ण मिटत नाही. तो माझ्याशी अजून बोलतो, हा त्याचा मोठेपणा.

असो. तर प्रश्न असा की त्या तीन ओळी लिस्टमध्ये आल्या कुठून? ऑफिसमध्ये जुन्या कोडमध्ये अशा ओळी सापडतात. कुणी लिहिल्या माहीत नाही, पण काढल्या तर काय मोडेल या भीतीने कुणी हात लावत नाही. मग आम्ही हिस्टरी बघतो, कुणी आणि का लिहिलं ते शोधतो. तेच इथे केलं.

ब्लेड आणि पूड

इंग्रजी अमदानीत कलकत्त्याला जोसेफ फेरर नावाचे एक सर्जन होते. हिंदुस्थानात सापाने किती माणसं मरतात याची पद्धतशीर मोजदाद आणि विषाचे प्रयोग त्यांनी केले, आणि १८७२ मध्ये भारतातल्या विषारी सापांवर एक भलंमोठं सचित्र पुस्तक काढलं. तेव्हा चालणारे अनेक उतारे त्यांनी जनावरांवर तपासून पाहिले आणि एकही खात्रीचा निघाला नाही. मग उरलं काय? घट्ट बांधा, कापा, जाळा. विष आत जाण्याआधीच अडवा, एवढाच तो विचार.

पुढे १९०४ मध्ये लिओनार्ड रॉजर्स, लॉडर ब्रंटन आणि हेच फेरर यांनी मिळून एक निबंध प्रसिद्ध केला. पोटॅशियम परमँगनेट विषात मिसळलं तर विष निकामी होतं. मग दंशावर काप देऊन ते आत चोळलं तर? त्यासाठी ब्रंटन यांनी एक छोटं अवजार सुचवलं. लाकडी मूठ, एका टोकाला लहान पातं आणि पोकळ मुठीत जांभळे खडे. ब्रंटन लॅन्सेट म्हणून ते ओळखलं जातं आणि हिंदुस्थानात त्याचा पुष्कळ प्रसार झाला. खडे तर आपल्याकडे नवे नव्हतेच, पटकीच्या साथीत विहिरीत टाकत असत. लॅन्सेट कालांतराने मागे पडला, पण त्याचे सुटे भाग आमच्या लिस्टमध्ये राहिले. ओळ सहा आणि ओळ आठ.

यातली चूक मला प्रोग्रामर म्हणून फार ओळखीची वाटते. काचेच्या नळीत विष आणि परमँगनेट एकत्र केलं की विष खरंच मरतं. टेस्ट पास. पण माणसाच्या बोटात विष नळीत नसतं. ते मांसात पसरलेलं असतं आणि पूड तिथवर पोचत नाही. उलट ती जिवंत मांसच भाजते. टेस्टमध्ये चाललं, प्रॉडक्शनमध्ये नाही!

मग इतकी वर्षं लोकांचा विश्वास कसा टिकला? सोपं आहे. चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे काहीही केलं नाही तरी बरेच जण वाचणारच. श्रेय जातं मग मांत्रिकाला, मुळीला किंवा लॅन्सेटला. आम्ही मांत्रिकाला हसायचो, पण आमचं ब्लेडही त्याच हिशोबावर चाललं होतं.

सुतळी

बांधण्याची कल्पना तर फेररच्याही कितीतरी आधीची. आजीसुद्धा सांगायची, जनावर चावलं की वर आवळून बांधावं. ऐकायला पटतं, म्हणूनच ती जास्त धोक्याची.

आपल्याकडे माणसं मारणारे चार प्रमुख साप: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नाग-मण्यारचं विष प्रामुख्याने नसांवर जातं, श्वास थांबवतं. घोणस-फुरशाचं विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं, शिवाय चावलेल्या जागेचं मांसही खराब करतं. अशा वेळी सुतळी आवळली की विष तिथेच कोंडतं, खालच्या भागाचा रक्तपुरवठा बंद होतो आणि हात किंवा पाय सडू शकतो. बरं, विष पूर्ण अडतही नाही. आणि दोरी एकदम सोडली तर साठलेलं विष एका लोंढ्यात अंगभर जातं. डॉक्टरांनी सुतळी लगेच का कापली नाही, आधी सलाईन आणि औषधं का मांडून ठेवली, ते मला कित्येक वर्षांनी कळलं.

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात स्ट्रुअन सदरलँड यांनी वेगळा मार्ग दाखवला. दोरी नाही, तर अख्ख्या हातापायाला रुंद क्रेप बँडेज गुंडाळायचं आणि फळी बांधून हालचाल बंद करायची. तिथले जीवघेणे साप बहुतेक नाग-मण्यारच्या कुळातले, म्हणून तिथे ते उत्तम चालतं. आपल्याकडे घोणस-फुरशांचं प्रमाण मोठं, आणि कुठला साप होता हे बहुतेकदा कळतच नाही. म्हणून घट्ट गुंडाळणं सरसकट उचलायचं नाही. हालचाल बंद ठेवणं तेवढं उचलायचं.

मग सापाचं औषध का नेत नाही?

हा भाच्याचा प्रश्न. कारण खरं औषध आहे, आणि त्यात मुंबईचाही वाटा आहे. १८९० च्या दशकात आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरांनी सायगावला नागाच्या विषावर काम सुरू केलं आणि पुढे घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष काढलं. आपल्याकडे हे काम कसौलीला आणि परळच्या हाफकिन संस्थेत झालं. हाफकिन म्हणजे १८९९ मध्ये जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आलेली प्लेगची प्रयोगशाळा, १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचं नाव मिळालं. आज मिळणारी लस (लोक तिला लसच म्हणतात, खरं तर ती लस नाही) वर सांगितलेल्या चारही सापांवर एकत्र चालते.

पण ती सॅकमध्ये टाकायची गोष्ट नाही. एक कुपी पुरत नाही, सुरुवातच साधारण आठ-दहा कुप्यांनी होते. ती शिरेतून द्यावी लागते. घोड्याचं प्रथिन असल्यामुळे काहींना अशी रिअॅक्शन येते की लगेच अॅड्रेनॅलिन लागतं. आणि आमच्या चापड्यासारख्या सापाचं विष या चारांत धरलेलंच नाही. थोडक्यात, औषध डोंगरावर नेता येत नाही, माणूस औषधापर्यंत न्यावा लागतो. मी २००३ साली नेमका तोच पाऊण तास खर्च केला होता.

याची किंमत केवढी असते ते २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसतं. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, आणि निम्मे मृत्यू पावसाळ्यातले. २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा आराखडा जाहीर केला.

महाडचे डॉक्टर

आमच्या लिस्टमध्ये विंचवासाठी काहीच नव्हतं. आश्चर्यच आहे, कारण विंचवाची सगळ्यात मोठी गोष्ट आमच्याच जिल्ह्यातली.

१९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. कोकणातला लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, उलट्या, दरदरून घाम, गार हातपाय अशी यायची आणि छातीत पाणी भरून दगावायची. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून केव्हा काय होतं ते टिपून ठेवलं. सुरुवातीची कोणती लक्षणं हृदयावरचं संकट सांगतात यावरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये आला (हे लॅन्सेट म्हणजे नियतकालिक, वरचं पातं नाही!). विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय दमतं. मग रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबाची साधी गोळी का देऊ नये? प्राझोसिन. १९८६ मध्ये तेही लॅन्सेटमध्ये छापून आलं. या गोळीआधी अशा गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत, नंतर ते प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं.

मला त्यांचं पुढचं पाऊल जास्त आवडतं. २०११ मध्ये डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चाचणी प्रसिद्ध केली, की नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष दोन्ही दिलं तर रुग्ण लवकर बरा होतो. म्हणजे ज्या औषधाने नाव मिळालं त्यातच सुधारणा हवी, हे स्वतःच दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गोळी स्वस्त आहे म्हणून सॅकमध्ये टाकू नका. रक्तदाब एकदम खाली येतो, ती डॉक्टरांनीच द्यायची. महाडकडून सॅकमध्ये टाकण्यासारखी वस्तू वेगळी आहे: कागद आणि पेन्सिल. किती वाजता चावलं, उलटी केव्हा, घाम केव्हा, हातपाय गार केव्हा. डॉक्टरांना सर्वात उपयोगी पडणारी गोष्ट हीच, आणि वजन जवळपास शून्य.

ग्लुकोजचा डबा

ओळ पाचवर ग्लुकोज पावडर होती. आम्ही दमलो की मूठभर तोंडात टाकायचो. हीही ओळ बदलली पाहिजे, आणि त्याची कथा बनगावची. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज ठरलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून लोकांना प्यायला द्यायला सुरुवात केली. तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. आतड्यात ग्लुकोज आणि मीठ जोडीने शोषलं जातं आणि पाणी त्यांच्या मागून जातं, म्हणून दोन्ही हवं. नुसती साखर त्या कामाची नाही.

दमट हवेत चार तास चढून घामाने निथळलेल्या किंवा उलट्या-जुलाब लागलेल्या पोराला पुडी हवी ती ओआरएसची, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली. गोड पेयांच्या खोक्यांवर "ओआरएस" लिहायला २०२५ च्या ऑक्टोबरात बंदी आली, तरी पुडी वाचून घ्यावी. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. कमी पाण्यात घट्ट करून पिऊ नये.

नवी लिस्ट

सहा जणांसाठी, एका दिवसासाठी:

– निर्जंतुक गॉज (कापूस नाही, जखमेला चिकटतो), चिकटपट्टी, फोडांसाठी पट्ट्या
– क्रेप बँडेज दोन, तिकोनी पट्ट्या दोन. तिकोनी पट्टी एकोणिसाव्या शतकात एस्मार्क या जर्मन सर्जनने लोकप्रिय केली. झोळी, फळी बांधायला, डोक्याला, सगळ्याला चालते. इतकी जुनी वस्तू आणि अजून एकही बग सापडलेला नाही :)
– पोव्हिडोन आयोडीनची छोटी ट्यूब. पण जखम आधी भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा
– पॅरासिटामॉल. साप चावल्यावर अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढू शकतो
– ओआरएस चार पुड्या, एक लिटरची बाटली
– बोथट टोकाची कात्री, चिमटा, हातमोजे
– ज्याचं त्याचं रोजचं औषध. दमेवाल्याचा पंप वरच्या कप्प्यात
– टॉर्च, शिट्टी, कागद-पेन्सिल, घड्याळ
– निघण्याआधी: १०८ कुणाच्या फोनवरून लागेल, वाटेत नेटवर्क कुठे येतं आणि गाडी कुठे उभी असेल हे सहाही जणांना माहीत हवं. आणि प्रतिविष कुठल्या हॉस्पिटलात आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारा

आणि चावलंच तर: धीर द्या, अंगठी-कडं-घड्याळ सूज यायच्या आत काढा, हात किंवा पाय झोळीत किंवा फळीवर स्थिर ठेवा, माणसाला शक्यतो चालवू नका, उचलून न्या. बांधू नका, कापू नका, चोखू नका, साप मारत किंवा पकडत बसू नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक.

भाच्याने वाचून लगेच फोन केला. "मामा, जुन्यात सापासाठी तीन गोष्टी होत्या. यात तर एकही नाही!"

"तिकोनी पट्टी आहे, पेन्सिल आहे, आणि तुम्ही पाच जण आहात ना उचलायला."

मग लिस्ट मित्राला पाठवली, नजरेखालून घाल म्हटलं. त्याचं उत्तर आलं: "सहा, सात, आठ काढलेस. बावीस वर्षांपूर्वी काढायला हवं होतंस. बाकी ठीक. हातमोजे दोन जोड टाक."

दोन जोड टाकले. उद्या पहाटे पोरं निघतील. तुमच्या माळ्यावर अशी झेरॉक्स असेल तर आज काढा, आणि पुढच्याला देण्याआधी एकदा वाचा.